सुवर्णदुर्गाचा फोटो आणि लंडनचा बुरूज

आमचं गाव पाटोदा, जिल्हा बीड. पाणी म्हणजे आमच्याकडे एकतर टँकर, नाहीतर पावसाळ्यातला सौताड्याचा धबधबा. आमच्याच तालुक्यात उगम पावणारी मांजरासुद्धा गोदावरीला मिळून पार बंगालच्या उपसागराकडे जाते. त्यामुळे अरबी समुद्राशी आमचं नातं भूगोलाच्या पुस्तकापुरतंच! तर मंडळी, गेल्या वीकएंडला कॅमेरा गळ्यात अडकवून दापोलीजवळचं हर्णै गाठलं.

संध्याकाळची वेळ. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव जोरात, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि त्याच्या मागे मावळतीचा सूर्य. धडाधड फोटो काढले. रूमवर येऊन बघतो तर एकजात सगळ्यांत किल्ला नुसता काळा ठिपका! सूर्य मागे असल्यावर दुसरं काय होणार? दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. ऊन माझ्या पाठीमागून आलं आणि तटबंदी स्पष्ट दिसायला लागली.

या किल्ल्याच्या इतिहासाचंही असंच आहे. सुवर्णदुर्ग म्हटलं की कान्होजी आंग्रे आणि त्यांचा समुद्रावरचा दरारा, एवढंच आपल्याला आठवतं. पुढचं सहसा कुणी सांगत नाही. १७५५ साली किल्ला तुळाजी आंग्र्यांकडे होता. तुळाजी नानासाहेब पेशव्यांना जुमानेनात. मग पेशव्यांनी चक्क मुंबईच्या इंग्रजांशी करार केला! एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने समुद्रातून तोफा डागल्या, आतलं दारूचं कोठार उडालं आणि किल्ला पडला. ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांना मिळाला, इंग्रजांच्या वाट्याला बाणकोट आला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या लढाईत आंग्र्यांचं आरमारही जळून खाक झालं. भांडण घरातलं, पण समुद्र मोकळा झाला तो इंग्रजांना.

आणि हे वाचून तर मी उडालोच... जेम्स १७८३ मध्ये वारला. त्याच्या पत्नीने १७८४ साली लंडनमध्ये शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी बुरूज बांधला. नाव काय, तर 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी उच्चारातला! तो बुरूज अजून उभा आहे आणि २०१४ पासून लोकांना बघायला खुला आहे. त्यांनी विजयाचं स्मारक जपलं. आपण हरलो कसे, हे मात्र मला शाळेत कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

असो. हर्णैला गेलात तर सकाळीही किनाऱ्यावर जा. संध्याकाळचा फोटो जास्त देखणा येतो, मान्य. पण डेस्कटॉपवर मी सकाळचाच लावलाय. त्यात तट दिसतो.