टिकाऊ अन्न आणि चर्चप्रणीत मदतकार्य : राई परिसर ते अहमदनगर

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील राई हे गाव भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. भातशेती, खाडी व मिठागरे यांवर या पट्ट्याचे जीवन दीर्घकाळ आधारलेले होते. १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या ताब्यात येईपर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात रुजलेला ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज आजही या किनाऱ्यावर नांदतो. आगोटीला, म्हणजे पावसाळा तोंडावर आला असता, तांदूळ, मीठ, मसाले, सुके बोंबील व सुकट यांची बेगमी करण्याची रीत आगरी, कोळी व ख्रिस्ती घरांत सारखीच होती. पौष्टिक व टिकाऊ अन्न ही कल्पना या परिसरास परकी नव्हे. असे अन्न दुसऱ्याने, तेही समुद्रापलीकडून पाठविले असता काय घडते, हा प्रश्न मात्र देशावरील व गुजरातेतील दुष्काळांनी उपस्थित केला.

१८९९-१९०० च्या दुष्काळाचा तडाखा गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत व दख्खन यांना बसला. विक्रम संवत १९५६ वरून गुजरातेत तो 'छप्पनियो' म्हणून ओळखला जातो. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने वाचकांना व चर्चमंडळींना मदतीचे आवाहन केले. त्यातून जमलेला मका घेऊन 'क्विटो' हे जहाज मे १९०० मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईस निघाले. त्यावर सुमारे २ लाख बुशेल, म्हणजे ५० लाख किलोंच्या आसपास धान्य होते. मुंबईत निरनिराळ्या मिशनांच्या समितीने त्याचे वाटप केले. अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगर येथील रेव्हरंड रॉबर्ट ए. ह्यूम हे या कामाचे प्रमुख सूत्रधार होत. भायखळ्यास जन्मलेल्या या मिशनऱ्यास १९०१ मध्ये 'कैसर-ए-हिंद' पदक मिळाले. मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग राईलगतच्या भाईंदरवरूनच जातो, हे येथे सहज नमूद करण्यास हरकत नाही.

या मदतीचे मोल आकड्यांच्या संदर्भात पाहणे इष्ट ठरेल. १९०० च्या उन्हाळ्यात सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची संख्या ६० लाखांच्या घरात गेली होती. क्विटोवरील सर्व धान्य त्यांच्यात वाटले असते, तर प्रत्येकाच्या वाट्यास किलोभरही आले नसते. त्यामुळे चर्चच्या धान्याने दुष्काळ हटविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. सरकारी मदतीचा मुख्य भर खडी फोडणे, तलाव खोदणे अशा कामांवर होता. अनाथ मुले, वृद्ध, आजारी यांच्यापर्यंत पोहोचण्यास मिशनांची यंत्रणा उपयोगी पडली. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळग्रस्त मुली आणल्या आणि तेथील संख्या दीड हजारांवर गेली.

मक्याची निवड देणाऱ्याच्या सोयीने झाली होती. अमेरिकेत तो विपुल व स्वस्त होता. पीठ लवकर खवट होते. वाळलेला दाणा मात्र दीर्घ सागरी प्रवास सहन करतो. घेणाऱ्याची भाकरी मात्र ज्वारी-बाजरीची होती. शिवाय दीर्घकाळ केवळ मक्यावर राहणाऱ्यास पेलाग्रा जडतो. त्यामागील जीवनसत्त्वाचे कारण १९३७ मध्ये स्पष्ट झाले. टिकाऊपणा आणि पौष्टिकता या दोन गोष्टी एक नव्हेत, हे दात्यांच्या ध्यानी पुष्कळ उशिरा आले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. अनाथ मुले मिशनांच्या स्वाधीन झाली की त्यांचा धर्म बदलतो, अशी तक्रार होत असे. लाला लजपत राय यांनी याच काळात हिंदू अनाथांसाठी चळवळ उभारली आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली. हा आक्षेप निव्वळ द्वेषमूलक म्हणून बाजूस सारता येत नाही. उपाशी मुलास निवडीचे स्वातंत्र्य कितपत असते? तथापि मुलांना जगविले कोणी, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे.

१९७२-७३ च्या महाराष्ट्रातील दुष्काळात चित्र बदललेले होते. अन्नाची मुख्य जबाबदारी शासनाने स्वीकारली होती. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. परदेशातून आलेली लाल 'मिलो' ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी 'सुकडी' त्या पिढीच्या स्मरणात आहे. 'कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेस' व १९४७ मध्ये स्थापन झालेली 'कासा' या चर्चसंस्था आता पूरक भूमिकेत होत्या. अहमदनगरमध्येच (२०२४ पासून अहिल्यानगर) स्विस जेसुइट फादर हर्मन बाखर यांचे लक्ष धान्यवाटपाकडून माती व पाणी अडविण्याकडे वळले. त्यांच्या प्रयत्नांतून पुढे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकारास आला. ह्यूम यांच्या जिल्ह्यात हे घडावे, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

मुंबई परिसरातील कॅथॉलिक धर्मग्रामांत शिधावाटपाचे काम आज प्रामुख्याने संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटीकडे असते. पॅरिसमध्ये १८३३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत तांदूळ, डाळ, तेल अशा कोरड्या जिनसा देण्याबरोबर सभासदांनी गरजू कुटुंबाच्या घरी स्वतः जावे, असा दंडक आहे. क्विटोवरील मक्याच्या वाटपात घेणाऱ्यास काय हवे, हे विचारण्याची सोय नव्हती. या भेटीत ती आहे.