वजन, दात आणि तारीख : बोकड बाजारात नेण्याआधी छोट्या शेळीपालकांनी काय पाहावं?

ज्या घरात दोन-चार शेळ्या असतात, तिथं बोकड म्हणजे दारात बांधलेली बचत. आजारपण, लग्नकार्य, जूनमधल्या वह्या-पुस्तकांचा खर्च, नड आली की दावं सुटतं. पण नडीला विकलेलं जनावर नेहमी स्वस्तात जातं. वर्षभर आई-बहिणींनी चारा-पाणी केलेलं असतं आणि भाव मात्र व्यापारी पाच मिनिटांत ठरवतो. लोणंद, चाकण, सांगोला, आटपाडी अशा बाजारांत अनुभवी व्यापारी नुसत्या हातानं पाठ चाचपून मटणाचा अंदाज बांधतात. आपल्यालाही तो अंदाज असला, तरच सौदा बरोबरीचा होतो.

वजन : नजरेवर सोडू नका

आपल्याकडं अजून बरेच सौदे नगावर होतात. जमलं तर चार-पाच घरांनी मिळून शंभर किलोचा टांगता काटा घ्यावा. काटा नसेल तर शिवणकामाची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजायचा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ६६० नं भागायचं. उत्तर किलोत येतं. घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच असेल, तर वजन साधारण ३१ किलो भरतं. हा अंदाज आहे, पण नजरेपेक्षा बरा.

जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण पडतं. म्हणजे ३१ किलोच्या बोकडाचं १४ किलोच्या आसपास. समजा गावात मटण ७०० रुपये किलो आहे, तर नुसत्या मटणाचेच ९,८०० रुपये झाले. यातून खाटकाची मेहनत, वाहतूक आणि नफा निघायला हवा, हे खरं. पण कुणी ५,००० रुपयांवर अडून बसला, तर दावं हातात ठेवून घरी परत यायची हिंमत या हिशेबातून येते.

दात : वयाचा दाखला

शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे आठ दात पाहायचे. सगळे बारीक दुधाचे असतील तर जनावर साधारण वर्षाच्या आतलं किंवा जेमतेम वर्षाचं. मधले दोन मोठे आले की ‘दोन दाती’, हे साधारण १३ ते १५ महिन्यांत होतं. दीड-दोन वर्षांत चार दाती होतं. जात आणि खाद्य यांप्रमाणे यात थोडा फरक पडतो, म्हणून करडू जन्मलं की तारीख वहीत लिहून ठेवावी.

कुर्बानीसाठी बोकड किंवा शेळी एक वर्ष पूर्ण झालेली लागते. मेंढा सहा महिन्यांचा असून अंगानं वर्षाचा दिसत असेल तरी चालतो. आंधळं, काणं, चालता न येण्याइतकं लंगडं, अगदीच हडकुळं किंवा कान एक तृतीयांशाहून जास्त कापलेलं जनावर चालत नाही. म्हणून खूण करायला कान कापू नये, बिल्ला लावावा. खस्सी केलेला बोकड चालतो. बाकी शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं.

तारीख : ईदचं नियोजन दीड वर्ष आधी

बकरी ईद इंग्रजी कॅलेंडरवर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. २०२४ मध्ये ती १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. हिशेब सोपा आहे : या ईदच्या आधी जन्मलेलं करडू पुढच्या ईदला चांद्रवर्षानं एक वर्षाचं होतं. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. म्हणजे पुढच्या ईदला विकायचा बोकड हवा असेल, तर शेळी या ईदच्या पाच महिने आधीच फळलेली हवी.

ईदशिवाय आखाड आणि गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत मागणी वाढते. श्रावणात ती उतरते. घाई नसेल तर श्रावणात विकू नये.

देवनारला राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून मोठमोठे बोकड येतात. त्या उंचीशी स्पर्धा करायची गरज नाही. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ या आपल्या जाती आहेत. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारा २५-३५ किलोचा निरोगी बोकड हीच आपली जागा. जवळच्या शहरातल्या नातलगांकडून, ओळखीतून आधीच नोंदणी घ्यावी आणि थोडा बयाना ठेवावा. वजन, वय आणि चालतानाचा व्हिडिओ पाठवला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

नेताना आणि विकताना

पीपीआर आणि आंत्रविषाराची लस विक्रीच्या किमान तीन-चार आठवडे आधी द्यावी. लांबच्या प्रवासाला पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र सोबत असावं. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांत सहा तासांहून जास्त प्रवासासाठी शेळ्या-मेंढ्यांच्या वेगळ्या तरतुदी आहेत. गाडीत दाटी करू नये, खाली पेंढा टाकावा. चार-पाच जणांनी मिळून एक गाडी केली तर भाडं वाटलं जातं आणि बाजारात एकटं पडायला होत नाही.

काही जण मीठ चारून जनावराला पोटभर पाणी पाजतात, म्हणजे काट्यावर वजन वाढतं. ही फसवणूक आहे. जनावरात खोड असेल तर ती सांगूनच विकावी. ऐब लपवून केलेल्या कमाईत बरकत नसते, आणि फसलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येतही नाही.

रुमालाखाली बोटं धरून दलालांनी भाव ठरवला, तरी शेवटचा आकडा मोठ्यानं बोलून घ्यावा. दलाली किती आणि कोण देणार, हे आधीच विचारावं. रक्कम हातात किंवा खात्यात आल्याशिवाय दावं सोडू नये. बाजार समितीची पावती जपून ठेवावी. न विकलेलं जनावर घरी आणलं तर दोन-तीन आठवडे वेगळं बांधावं, नाहीतर बाजारातला आजार सगळ्या कळपात शिरतो.

आपल्या घरात शाळेत जाणारी मुलं आहेत. घेर मोजून गुणाकार-भागाकार करणं आणि जन्मतारखा वहीत लिहिणं, हे काम त्यांच्याकडं द्यावं. गणित पक्कं होईल आणि बाजारात बाप एकटा अंदाजावर उभा राहणार नाही.