वॉटरपंप: खानदेशातल्या गाड्यांचे पाणी

पेट्रोल किंवा डिझेल जळून इंजिनात जी उष्णता तयार होते, तिचा जेमतेम एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढाच सायलेन्सरवाटे बाहेर पडतो आणि राहिलेला बहुतेक भाग पाण्याला उचलून न्यावा लागतो. हे पाणी रेडिएटरच्या तळातून ओढून इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ढकलणारा छोटा पंप म्हणजे वॉटरपंप. ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांच्या बोलण्यात त्याची ‘वॉटरबॉडी’ होते. आत एक दांडा, दांड्याच्या एका टोकाला पाणी ढकलणारा पात्यांचा पंखा, दुसऱ्या टोकाला पट्ट्यावर फिरणारी पुली, मध्ये बेअरिंग आणि पाणी अडवणारे सील, एवढाच त्याचा संसार. तो बंद पडला की इंजिन काही मिनिटांत उकळते. ‘गाडी तापनी’ हे अहिराणीतले दोन शब्द कानावर पडले, की पुढचा दिवस कसा जाणार हे बसमधल्या उतारूंनाही कळते.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत या पंपाची परीक्षा जरा कडक होते, त्याला भूगोल कारण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो; म्हणजे रेडिएटरवर येणारी हवा आधीच तापलेली. तापीचे खोरे एखाद्या पसरट ताटासारखे आहे. ताटात रस्ता सपाट, पण कडेवरून बाहेर पडायचे तर बहुतेक दिशांना चढण: उत्तरेला सातपुड्यातला बिजासन घाट, दक्षिणेला चाळीसगावजवळचा कन्नड घाट आणि फर्दापूरपुढचा अजिंठा घाट, पश्चिमेला साक्री-नवापूर रस्त्यावरची कोंडाईबारी. त्यातून मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते, म्हणजे पूर्वीचे राष्ट्रीय महामार्ग ३ आणि ६, धुळ्यातच एकमेकांना छेदतात. परमुलखातली गाडीही इथे येऊन तापते आणि इथल्याच मेस्त्रीच्या हाती लागते.

कोंडाईबारीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पावसाळ्याच्या आगेमागे या भागात पश्चिमेचा वारा असा सुटतो, की साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे रान उभे राहिले. पवनचक्कीला लाभणारा हाच वारा सुरतेहून माल भरून पूर्वेकडे चढणाऱ्या ट्रकच्या पाठीला लागतो. ट्रक ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चढतो आहे आणि वाराही मागून त्याच वेगाने येतो आहे, अशा वेळी रेडिएटरसमोरची हवा जवळपास थांबलेली असते. सारा भार रेडिएटरमागच्या हवेच्या पंख्यावर आणि पंपावर पडतो. कच्चा झालेला पंप सपाटीवर महिनोन् महिने गप्प राहतो. घाटात मात्र बोलतो.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात अनेक गाड्यांना हा पंप नव्हताच. १९०८ साली निघालेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार नगांना पंप होता. तो नंतर खर्च वाचवण्यासाठी काढून टाकण्यात आला. चुलीवरच्या पातेल्यात तळचे तापलेले पाणी आपोआप वर येते, त्याच न्यायाने इंजिनातले गरम पाणी रेडिएटरच्या माथ्याशी चढावे आणि निवून खाली उतरावे, अशी योजना होती. तिची एकच अट असे: पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली जाता कामा नये. ती गेली की फेरा तुटला. उन्हाळ्यात पाणी उडून जाण्याचे प्रमाण मोठे, म्हणून पाण्याचा डबा हा गाडीचाच एक भाग झाला. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा तापमापक निघाला. चालकाला काचेतून नाकासमोर तापमान दिसे. आजच्या डॅशबोर्डावरच्या काट्याचा हा आजोबा.

१९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा इथली वाहतूक रेल्वे, बैलगाडी आणि टांगा यांवर होती. मोटारींची खरी वर्दळ दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डनेही मॉडेल टी बंद करून मॉडेल ए आणली होती आणि तिच्यात सिलिंडर हेडच्या पुढे पंप परत आला होता. हवेचा पंखा त्याच्याच दांड्यावर होता. अँबॅसिडर, फियाट आणि विलिस जीप या पुढे घरोघरी ओळखीच्या झालेल्या गाड्यांतही पंप आणि पंखा एकाच दांड्यावर राहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बिघाडाच्या निम्म्या कथा त्यातून निघाल्या.

मॉडेल ए च्या काळातल्या पंपांना आजच्यासारखे सील नव्हते. दांड्याभोवती ग्रॅफाइट चोळलेली दोरी गुंडाळून वरून नट आवळत. दोरी सैल झाली की पाणी गळे आणि फार आवळली की दांडा खाल्ला जाई; अधूनमधून एखादा थेंब पडू देणे हाच मधला मार्ग. ही विद्या खानदेशात रस्त्यावर येण्याआधीच विहिरीवर रुजू लागली होती असे मानायला जागा आहे. मोट जाऊन तेलाची इंजिने येऊ लागली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यापासून तापीकाठापर्यंत इंजिनाचा ठोका हा शिवाराचा आवाज होत गेला. विहिरीवरचा पंप आणि गाडीतला पंप एकाच जातीचे: फिरता पंखा पाणी मधून घेतो आणि कडेला फेकतो. ‘दोरी भरणे’, ‘पंखा झिजणे’, ‘पंपाने हवा धरणे’ हे शब्दप्रयोग दोन्हीकडे तेच. विहिरीवरच्या कित्येक इंजिनांना थंड करण्यासाठी पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी इंजिनातून फिरवून दांडात सोडलेली असे. त्या धारेखाली हात धरून ती कोमट आहे की चटका देते हे पाहणारा शेतकरी, नकळत, पंपाची तपासणीच करत असे.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या काही वर्षांत खासगी मोटार सर्व्हिसच्या जागी सरकारी बस आली. त्या सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले, फोर्डसन, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शिअल, अल्बियन, लेलँड असा गोतावळा होता. प्रत्येकाचा पंप वेगळा आणि एकाचा दुसऱ्याला बसत नसे. अशा काळात लेथवाल्याला भाव आला नसता तरच नवल. झिजलेला दांडा खरवडून त्यावर नळी चढवायची, पितळेचा बुश नव्याने घडवायचा, आणि परदेशी कंपनीच्या भागाऐवजी गावात घडलेला भाग बसवायचा, ही त्या पिढीची दुरुस्ती. १९५४ पासून जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीज ट्रक आणि १९५७ नंतर अँबॅसिडर रस्त्यावर आल्यावर सुटे भाग दुकानात मिळू लागले. बेअरिंग, दांडा, सील आणि गॅस्केट एकत्र बांधलेले ‘किट’ आले. धुळे आणि जळगावच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक शिकून निघालेली मुले एसटीच्या डेपोत, नाहीतर चौफुल्यांभोवतीच्या गॅरेजांत लागली. शिकलेला आणि हाताखाली तयार झालेला यांच्यात वाद पुष्कळ झाले असतील, पण पंप ओळखण्याची रीत दोघांची सारखीच राहिली: डोळा, कान आणि हात.

डोळ्याचे काम पहिले. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये पंपाच्या अंगाला खालून एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. सील झिजले की पाणी बेअरिंगपर्यंत पोचण्याआधी या भोकातून बाहेर पडावे, हा त्याचा हेतू. रोज सकाळी रेडिएटरमध्ये थोडे पाणी घालावे लागणे आणि इंजिनाच्या तोंडाखाली जमीन ओली दिसणे ही त्याची खूण. खानदेशातल्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी बरेच ठिकाणी जड असते. त्यामुळे गळती वाळली तरी भोकापासून खाली पांढऱ्या क्षाराचा ओघळ राहतो, तळाशी गंजाची तांबूस कड असलेला. गाडी कोरडी दिसत असतानाही जाणता मेस्त्री हा ओघळ बॅटरीच्या उजेडात शोधतो. भोक एम-सीलने बुजवून टाकण्याचा मोह काहींना होतो. गळती थांबते, पण पाणी बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीस धुऊन जाते, आणि पंखा पंपाच्याच दांड्यावर असेल तर एके दिवशी तो पुढे सरकून रेडिएटरची जाळी कापून टाकतो. शंभराचे काम हजारावर जाते.

कानासाठी लागतो लांब पान्हा किंवा स्क्रूड्रायव्हर. टोक पंपाच्या अंगावर आणि मूठ कानाच्या हाडावर ठेवली की बेअरिंगची घरघर जात्यासारखी ऐकू येते. पट्टा उतरवून इंजिन क्षणभर चालवल्यावर आवाज गेला, तर दोष पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांतच आहे. मग डायनामो की पंप हे एकेक पुली हाताने फिरवून ठरते. हाताची परीक्षा सर्वांत सोपी आणि सर्वांत खात्रीची. इंजिन बंद आणि थंड असताना पंख्याची दोन पाती धरून वर-खाली हलवायची. लटका जाणवला, की बेअरिंग संपले.

या तिन्हींत न सापडणारा एक बिघाड आहे, आणि तोच खानदेशाला जास्त भोवला. वर्षानुवर्षे साधे पाणी घातलेल्या इंजिनात पंपाच्या आतल्या पंख्याची लोखंडी पाती गंजून आखूड होतात. गळती नाही, आवाज नाही, लटका नाही. पंप फिरतो, पाणी मात्र पुरेसे फिरत नाही. काटा घाटातच चढतो. अशा वेळी आधी बाकीचे संशयित तपासावे लागतात: सैल पट्टा, क्षाराने चोंदलेला रेडिएटर, कापसाच्या हंगामात जाळीत अडकलेले तंतू आणि धूळ, किंवा गेलेले हेड गॅस्केट, ज्यात रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात आणि तेल दुधाच्या चहासारखे दिसते.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय रस्त्यावर अजूनही चालतो. जाळीतले सुईएवढे भोक ती काही काळ बुजवते. पंपाच्या फिरत्या सीलपुढे तिचे काही चालत नाही. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत त्याहून पक्की आहे. उन्हाळ्यात तिचे फारसे काही बिघडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा केळीला बाधेल इतका उतरतो, तेव्हा तेच इंजिन थंड चालून डिझेल जास्त पिते.

पंप बदलण्याचे काम जुन्या गाडीत मोकळे होते. इंजिन पूर्ण निवू द्यायचे, पाणी काढायचे, पट्टा, पंखा आणि पुली उतरवायची, मग पंपाचे बोल्ट. ते लांबीला वेगवेगळे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून जागच्या जागी टोचून ठेवणारे मेस्त्री शहाणे; लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम जुने गॅस्केट खरवडण्याचे. त्याचा कागदाएवढा तुकडा राहिला तरी नवा पंप पहिल्याच दिवशी गळतो. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे, पट्टा अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबेल इतका ताणायचा, आणि पाणी सावकाश भरून इंजिन चालू ठेवत अडकलेली हवा निघू द्यायची. शेवटच्या पायरीला घाई केली, की नवा पंप असूनही गाडी तापते आणि दोष पंपावर येतो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्यात पंखा पंपापासून सुटून विजेच्या मोटरवर गेला. पंपाच्या दांड्यावरचा भार हलका झाला, पण चालकाची एक खूणही गेली, कारण पंखा डगमगताना दिसेना. पुढे रंगीत कूलंट रूढ झाले. थंड देशांत ते बर्फापासून इंजिन वाचवते. खानदेशात त्याचा उपयोग गंज अडवणे आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वर नेणे एवढाच, पण तो मोठा आहे. आतल्या गंजलेल्या पंख्याचा मूक बिघाड त्यामुळेच कमी झाला. गळतीचा ओघळ आता पांढऱ्याऐवजी हिरवा किंवा गुलाबी असतो.

नंतरच्या अनेक गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो आणि आवरणाआड दडलेला असतो. तिथे डोळा, कान आणि हात तिघेही अपुरे. पंप अडकला तर बेल्ट तुटतो आणि व्हॉल्व्ह वाकतात, म्हणून बेल्ट बदलताना पंपही बदलून टाकण्याची शिस्त आली. कारचा पंप आता खोलून दुरुस्त करत नाहीत. जुना भंगारात, नवा खोक्यातून. ट्रॅक्टरच्या वॉटरबॉडीचे मात्र अजून वेगळे आहे. तिचे किट जळगाव-धुळ्याच्या दुकानांत लटकलेले दिसते. प्रेसवर दांडा ठोकून बाहेर काढतात, बेअरिंग आणि सील नवे घालतात, आतला पंखा बॉडीला घासत नाही ना हे बोटाने फिरवून पाहतात, आणि पाती शाबूत असतील तर जुनीच बॉडी रंगाचा हात मारून पुन्हा चढवतात.