गुंडाळीवर काढलेला रस्ता

प्रवासाला निघालेल्या माणसाला देश नकाशात दिसतो तसा दिसत नाही. त्याला दिसतो तो समोरचा रस्ता, डावीकडचे देऊळ, उजवीकडचा ओढा आणि पुढे चढायचा घाट. ही साधी गोष्ट ओळखून साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने इंग्लंड आणि वेल्सचे रस्ते कागदावर उतरवले. त्याचे नाव जॉन ओगिल्बी आणि त्याच्या पुस्तकाचे नाव ‘ब्रिटानिया’. साल १६७५.

ओगिल्बी मूळचा मोजणीदार नव्हे. १६०० साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा गृहस्थ आधी नृत्यशिक्षक होता. नाचताना पाय दुखावला आणि तो कायमचा लंगडा झाला. मग डब्लिनला त्याने नाट्यगृह चालवले, ते तिथल्या बंडाळीत बुडाले. पुढे व्हर्जिलचे भाषांतर केले आणि पन्नाशीच्या आसपास ग्रीक शिकून होमरही इंग्रजीत आणला. १६६६ साली लंडनला मोठी आग लागली, तीत त्याचे घर आणि पुस्तकांचा साठा खाक झाला. तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता. एखादा हात टेकून बसला असता. हा जळालेल्या शहराच्या मोजणीत शिरला आणि पुढे देशाचे रस्ते मोजायला निघाला.

तोवर इंग्लंडचे नकाशे नव्हते असे नाही. क्रिस्टोफर सॅक्स्टनने १५७९ मध्येच परगण्यांचे सुंदर नकाशे छापले होते. त्यांत नद्या होत्या, टेकड्या होत्या, गावे होती. रस्ते मात्र नव्हते!

रस्ता कागदावर काढण्यात एक अडचण असते. तो लांबच लांब आणि अरुंद, तर पान चौकोनी. शंभर मैलांचा रस्ता पानावर बसवायचा तर तो इतका बारीक होतो की त्यात काही दाखवता येत नाही. ओगिल्बीने काय करावे? त्याने एक लांब कागदी गुंडाळी मागेपुढे दुमडून पानावर ठेवली आहे, असे चित्र काढले. पानावर साधारण सहा-सात उभ्या पट्ट्या. डाव्या पट्टीच्या तळापासून वाचायला सुरुवात करायची, वर पोचलात की शेजारच्या पट्टीच्या तळाशी यायचे. पट्ट्यांची टोके अशी वळवून छायांकित केली आहेत, की कागद खरेच मुडपलेला वाटावा. लोक ही नुसती शोभा समजतात. पण या गुंडाळीमुळेच एका मैलाला एक इंच हे प्रमाण धरून अख्खा रस्ता पानांवर बसला.

शाळेपासून आपल्या डोळ्यांना ‘उत्तर वर’ अशी सवय लागलेली असते. इथे वर असतो तो रस्ता, आणि उत्तर दिशा प्रत्येक पट्टीत फिरते. म्हणून प्रत्येक पट्टीवर स्वतंत्र होकायंत्राचे फूल काढलेले आहे. चढ असेल तर टेकडी सरळ, उतार असेल तर टेकडी चक्क उलटी! दोन्ही बाजूंना कुंपण असलेला रस्ता सलग रेघांनी, उघड्या माळावरचा तुटक रेघांनी. वाटेतले पूल, चर्च, पवनचक्क्या, सगळे जागच्या जागी.

असे शंभर नकाशे आणि सुमारे साडेसात हजार मैलांचे रस्ते. मोजणीसाठी मूठ धरून ढकलायचे मोठे चाक होते. अंतर त्यावरच्या तबकडीवर कळे. मुखपृष्ठामागच्या चित्रात चाक ढकलणारा माणूस आणि त्याच्यासोबतचा घोडेस्वार दिसतात. या चाकाने आणखी एक काम केले. १७६० यार्डांचा मैल १५९३ मध्येच कायद्याने ठरला होता, पण लोकांच्या तोंडी जुना, लांबडा मैल होता. आपल्याकडच्या कोसासारखाच तो गावागणिक बदले. ‘हे काय, पलीकडेच’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर चाललेल्यालाच ते दुःख ठाऊक! ओगिल्बीने रूढ अंतर आणि मोजलेले अंतर दोन्ही दिली, आणि हळूहळू कायद्याचा मैल रुळला.

या मांडणीची किंमतही आहे. हमरस्त्यापासून चार मैल आत असलेले गाव पट्टीवर नाही. फाट्यावर ‘अमुक गावाकडे’ एवढेच लिहिलेले, त्यापुढे कोरा कागद. बाह्यवळण झाल्यावर ज्या गावची हॉटेले ओस पडली, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. वाटसरू रस्ता चुकला, तर नकाशा त्याला परत आणू शकत नाही. आणि तो मुळात वाटसरूच्या हाती होता कुठे? ग्रंथ एवढा मोठा आणि वजनदार, की तो दिवाणखान्यातल्या मेजावरच शोभावा.

१६७६ साली ओगिल्बी वारला. खिशात मावणाऱ्या आवृत्त्या निघायला १७१९-२० साल उजाडले. त्यांतल्या इमॅन्युएल बोवेनच्या आवृत्तीत पट्ट्यांभोवतीच्या मोकळ्या जागेत गावांची माहिती आणि मानचिन्हे अगदी खच्चून भरली आहेत. मोठ्या ग्रंथाच्या प्रती पुढे अनेकांनी उसवल्या. सुटी पाने रंगवून, चौकटीत बसवून विकली जातात, आणि घेणारा बहुधा आधी आपले गाव कुठल्या पट्टीत आहे ते शोधतो.