मेणवलीचा वाडा आणि जिऊबाई

तळवड्याच्या गावठाणात आमच्या भावकीचा जुना वाडा आहे. दिवाळीनंतर तो पाडायचं ठरलंय. गेल्या महिन्यात मागची भिंत थोडी उतरवली, तर आत पांढऱ्या मातीचा हातभर रुंद गाभा निघाला आणि वरून सारवणाचे थरावर थर. सासूबाई जवळ गेल्या, एका थरावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा माझ्या सासूचा हात." बोटांच्या रेघा खरंच दिसत होत्या. तेव्हापासून वाडा म्हणजे नेमकं काय, हे माझ्या डोक्यात घोळतंय. म्हणून आज एका मोठ्या वाड्याची गोष्ट सांगते. त्यातली एक बाई आपल्या मावळात येऊन राहून गेलेली आहे.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाई लागते. वाईच्या पुढे तीनेक किलोमीटरवर कृष्णेच्या काठी मेणवली. २००४ साली आलेला 'स्वदेस' सिनेमा पाहिला असेल, तर तो घाट तुमच्या ओळखीचा आहे. हे गाव डिसेंबर १७६८ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी नाना फडणवीसांना दिलं. नाना तेव्हा अवघे २६ वर्षांचे होते आणि पेशव्यांचा हिशेब सांभाळत होते. पुढे निम्मा हिंदुस्थान त्यांना ओळखू लागला, ती गोष्ट वेगळी.

नानांनी तिथे नुसता आपला वाडा बांधला नाही. त्यांनी गाव वसवलं, नदीला दगडी घाट बांधला, घाटावर दोन देवळं उभी केली, एक विष्णूचं आणि एक मेणेश्वर महादेवाचं. वाड्याच्या मागच्या दारातून निघालं की देवळं आणि घाट जवळच. माणूस, देव आणि पाणी यांच्यात किती पावलं असावीत, हे आधी ठरवून केलेली ही बांधणी आहे. डोक्यावर हंडा घेऊन फिरलेल्या बाईला यातली अक्कल लगेच कळते. आपल्याकडे नवीन इमारतीच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव दाखवतात; प्यायच्या पाण्याचं टँकर आल्यावर बघू!

घाटावर एका छोट्या बांधकामात भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीमातेची आकृती आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिथून आलेली ही घंटा. महादेवाच्या दारात मेरीमाता, आणि कुणाला त्याची अडचण झाली नाही.

आता वाड्यात चला. एकामागून एक असे सहा चौक. बाहेरून जाड भिंती, आत लाकडाचा सांगाडा: सुरूच्या झाडासारखे घडवलेले खांब, तुळया, वर कडीपाट. काही भिंतींवर जुनी चित्रं अजून टिकून आहेत. अशा वाड्यात पहिल्या चौकात कारभार, येणारे-जाणारे, कारकून. जसजसं आत जावं तसतसं घर बायकांचं होत जातं: माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठी, बाळंतिणीची खोली, शेवटी परस. चौक हा वाड्याचा श्वास. उन्हाने तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि ओसरीवर गारवा राहतो. पावसाचं पाणी तिथेच उतरतं आणि मोरीवाटे बाहेर जातं. उजेड येतो, पण रस्त्यावरची नजर येत नाही. सोयीचं होतं ते, आणि कोंडवाडाही होता. सोवळ्यातल्या विधवेला त्या आतल्या चौकापलीकडे जग नसायचं, हे विसरून वाड्याचं कौतुक करणं मला जमत नाही.

त्या काळचा चुना घाण्यात मळायचे, त्यात गूळ, बेलफळाचा गर असं काहीबाही घालायचे. सिमेंट ठाऊक नसताना त्या चुन्याने दीड-दोनशे पावसाळे काढले.

नाना १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. मुलगा नव्हता. मागे राहिली शेवटची बायको, जिऊबाई. ती तेव्हा अजून बालवयातच होती, आपल्याकडे या वयाच्या मुली प्राथमिक शाळेत असतात. दुसऱ्या बाजीरावाने नानांची मालमत्ता जप्त केली. जिऊबाईला आसरा मिळाला तो आपल्या लोहगडावर. गड नानांच्या विश्वासातल्या धोंडोपंतांच्या ताब्यात होता. नानांनी बांधलेली सोळा कोनी बाव आजही तिथे आहे. पुढे इंग्रजांचा जनरल वेलस्ली मध्ये पडला. वर्षाला १२,००० रुपयांचं पेन्शन ठरलं आणि ती गड उतरून कोकणात गेली. कालांतराने मेणवलीचा वाडा तिच्याकडे परत आला. म्हणून तो उभा राहिला. आजही तो घराण्याच्या वंशजांकडेच आहे. त्या वाड्यात सापडलेले नानांचे कागद 'मेणवली दफ्तर' म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहेत. पेशवाईचा बराचसा इतिहास त्यांतून लिहिला गेला. घर टिकलं म्हणून कागद टिकले. पाहायला येणारे मात्र नानांचंच नाव घेतात. जिऊबाईचं मी तरी तिथे कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

हे कळल्यावर मी घरी येऊन आमच्या वाड्याची मिळकत पत्रिका मागितली. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ही पत्रिका असते. त्यावर सासूबाईंचं नाव सासऱ्यांच्या मागे वारस म्हणून लागलेलं निघालं. त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं. दोन नणंदांची नावं लागलेलीच नव्हती. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि साऱ्या देशात २००५ च्या कायद्याने मिळालाय. "सह्या करून टाका, सगळं बघतो आम्ही," असं दीर म्हणत होते. मन वाईट नाही त्यांचं, पण सासूबाईंनी कागद वाचून दाखवायला सांगितला. पूर्ण वाचायला पाऊण तास लागला. सही अजून झालेली नाही.

वाडा बहुतेक पडेलच. एक भिंत वाकलीय, पावसाळ्यात धास्ती वाटते, आणि मुलांना खोल्या हव्यात, ते चूक नाही. पण त्याआधी आम्ही गटाच्या पाच जणी टेप आणि वही घेऊन बसलोय. चौक मोजून झाला: साडेअकरा फूट बाय चौदा. दिंडी दरवाजाची चौकट नव्या घराला लावायची, असं सुताराशी बोलणं झालंय. सासूबाई कोनाड्यांजवळ उभ्या राहून सांगतात, या कोनाड्यात दिवा, त्यात मिसरीची डबी, तो उंचावरचा बाळंतकाढ्याचा. मी लिहून घेते. माजघर अजून मोजायचं राहिलंय. ते येत्या बुधवारी, नणंदा येणार आहेत तेव्हा.