फ्लॉपीची लिपी

भारतातील निवडक शाळांत संगणक-शिक्षणाचा प्रयोग १९८४-८५ मध्ये सुरू झाला. केंद्र शासनाच्या ‘क्लास’ प्रकल्पात २५० शाळांना ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. त्याच काळात बेंगळुरूत संगणक-उद्योग आकार घेत होता; १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथे केंद्र उघडले. कचेऱ्यांत मात्र आयबीएम पीसीच्या धर्तीची यंत्रे रूढ होत गेली. दोन्हीकडची सव्वापाच इंची फ्लॉपी दिसायला सारखीच. पण एकीवरचा मजकूर दुसऱ्या यंत्राला वाचता येत नसे.

याचे कारण मांडणीत होते. बीबीसी मायक्रोच्या मूळ पद्धतीत प्रत्येक वर्तुळाकार मार्गिकेचे २५६ बाइटांचे १० भाग पडत. चाळीस मार्गिकांच्या एका बाजूवर १०० किलोबाइट मजकूर मावे. पीसीवर ५१२ बाइटांचे ९ भाग पडत आणि दोन्ही बाजू मिळून ३६० किलोबाइट मावत. चुंबकीय नोंदीची घनताही निराळी होती, आणि बीबीसीची एकेरी घनता वाचण्याची सोय पीसीच्या पुष्कळ नियंत्रकांत नव्हतीच.

एक उपाय होता : फ्लॉपीला वगळणे. दोन्ही यंत्रांचे सिरियल पोर्ट तारेने जोडून मजकूर धाडला जाई. १९८१ साली कोलंबिया विद्यापीठात जन्मलेली ‘कर्मिट’ प्रणाली मजकुराचे लहान तुकडे करी, प्रत्येक तुकडा पडताळी आणि चूक निघाल्यास तोच पुन्हा मागवी. बीबीसी बेसिकच्या आज्ञा संकेतरूपात साठवलेल्या असत. म्हणून प्रोग्रामचे आधी साध्या मजकुरात रूपांतर करावे लागे.

मराठीपुढे आणखी एक अडसर होता. फाइल सुखरूप पोहोचली, तरी अक्षरे ओळखीची निघतीलच असे नव्हते. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. तरीही पुण्याची श्रीलिपी, बेंगळुरूची आकृती अशा प्रणालींच्या फॉन्टांचे संकेत आपापले राहिले. एकीतले अक्षर दुसरीत भलतेच चिन्ह होऊन उमटे. युनिकोड रुळल्यावर नव्या लेखनाची अडचण मिटली. जुने लेखन रूपांतराची वाट पाहत राहिले.

महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या शाळेला या इतिहासाचे मोल अधिक आहे. कागदावरची नाट्यसंहिता पणतूलाही वाचता येते. फ्लॉपीवरची मात्र यंत्र, संकेत आणि जाणकार यांपैकी एक जरी हरपले तरी मुकी होते. चुंबकीय थरही काळाबरोबर झिजतो. माजी विद्यार्थ्यांच्या कपाटांत अशा चकत्या असतील, तर त्यांतील मराठी आजच उतरवून घेणे हे हीरक महोत्सवाला साजेसे कार्य ठरेल.