ज्ञानप्रसारकाची वर्गणी

गेल्या महिन्यात विज्ञानशाखेच्या पदवीवर्गातील चार विद्यार्थी पावतीपुस्तक घेऊन आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या घरी आले. विद्यार्थ्यांनी केलेले लहानमोठे संशोधन विद्यार्थ्यांनीच तपासून छापावे, असे एक त्रैमासिक काढण्याचा त्यांचा मनसुबा. पहिल्या अंकाचा मजकूरही तयार. त्यांतील एक मुलगी दर्यापुराकडची. खारपाणपट्ट्यातील आपल्या गावच्या विहिरींचे पाणी तिने वर्षभर दर महिन्याला मोजले होते आणि कोणत्या विहिरीचा खारेपणा पावसानंतर उतरतो, कोणत्याचा उतरत नाही, याचे कोष्टक केले होते. काम नेटके होते. अडले होते ते पैशापाशी. एका धनिकाने वर्षाचा सारा खर्च देऊ केला होता, मात्र प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर त्याच्या वडिलांचे छायाचित्र हवे होते. दुसरा मार्ग एका अनुभवी गृहस्थाने सुचविलेला: प्रत्येक लेखकाकडून हजार रुपये घ्यावे, लेख आपोआप येतील. 'सर, यांतले कोणते पत्करावे?' असे त्यांनी आम्हांस विचारले. इतिहासाच्या अध्यापकास सल्ला विचारला की तो मागे पाहू लागतो. आम्हीही तेच केले.

मागे पाहण्यास आम्हांस फार दूर जावे लागत नाही. आमच्या गावच्या खंडेश्वराच्या देवळात यादव राजा कृष्णाच्या काळातील, शके ११७७ चा शिलालेख आहे, आणि देवाच्या सेवेसाठी दिलेल्या द्रव्याची त्यात नोंद आहे. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख तर दात्यांची यादीच होय. शके ११९५ पासून ११९९ पर्यंत कोणी काय दिले ते त्या दगडावर कोरून ठेवले आहे. तेव्हा दहाजणांनी द्रव्य द्यावे व त्यांची नावे टिकावी, ही रीत आमच्या मुलखास साडेसातशे वर्षांची परिचित आहे. दात्याच्या नावाने देवाचे काही बिघडत नाही. नियतकालिकाची गोष्ट तशी नाही. त्याला उद्या त्याच दात्याच्या विहिरीविषयी किंवा कारखान्याविषयी अप्रिय आकडा छापावा लागेल.

विद्यार्थ्यांनी विद्या जमवून छापण्याचा आपल्याकडील पहिला मोठा उद्योग मुंबईत झाला. १८४८ च्या जूनमध्ये एल्फिन्स्टन विद्यालयातील आजी-माजी विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या आश्रयाखाली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. त्यांतील दादाभाई नौरोजी तेव्हा तेवीस वर्षांचेही नव्हते. इंग्रजीत निबंध वाचून भागणार नाही, हे या मंडळींनी लौकरच ओळखले व देशी भाषांच्या शाखा काढल्या. मराठी शाखा ती उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग. या सभेचे 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक १८५० साली निघाले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. म्हणजे पदवी देणारी संस्था उभी राहण्याच्या सात वर्षे आधी विद्यार्थ्यांच्या उद्योगातून निघालेले हे मासिक चालू होते. त्यात लिहिल्याने कोणाची पदवी जवळ येत नव्हती की बढती मिळत नव्हती. या गोष्टीकडे आम्ही आमच्या चौघा पाहुण्यांचे लक्ष मुद्दाम वेधले.

त्या सभेत निबंध आधी वाचला जाई, त्यावर चर्चा होई, मग तो छापण्याचा विचार. केरूनाना छत्रे हे कुलाब्याच्या वेधशाळेत प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली तयार झालेले गणिती. हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान या विषयांवर त्यांनी मराठीत निबंध वाचले. भरती-ओहोटी हा विषय पाहा. मुंबईच्या कोळ्यास ती ठाऊक होती. तिचे कारण मराठीत सांगणे ही नवी गोष्ट होती. समोर बसलेल्या मंडळींस समजले नाही तर ती तोंडावर विचारतील, हे वाचणाऱ्यास ठाऊक असे. हल्ली तज्ज्ञ-परीक्षण म्हणून ज्याचा एवढा गवगवा होतो, त्याचे हे घरगुती रूप. आणि त्यास सतरंजी व दिवा यांपलीकडे खर्च नव्हता.

पैशाचा प्रश्न मात्र त्या मंडळींसही सुटला नव्हता. याच सोसायटीच्या तरुणांनी १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या, आणि आरंभी आपल्या कामाच्या वेळा सांभाळून स्वतःच फुकट शिकविले. शाळा चालत्या झाल्या तसे द्रव्यही आले. कामा घराण्यातील गृहस्थांनी पैसा दिला, नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात जागा दिली. शाळा डोळ्यांस दिसते. पाटी घेऊन बसलेली मुलगी पाहून दात्याचे मन द्रवते. भरती-ओहोटीवरील निबंध पाहून कोणाचे द्रवणार? विज्ञानाच्या मासिकास देणगी मागणाऱ्याने हा भेद पहिल्यापासून ओळखून असावे, नाही तर तो दारोदार फिरून निराश होतो व अखेर ज्याने छायाचित्राची अट घातली त्याच्याच दारी जातो.

धनिकाचा पैसा सदैव घातक असतो, असे आमचे म्हणणे नाही. १८५१ साली दादाभाईंनी 'रास्त गोफ्तार' काढले. त्याचा आरंभीचा खर्च खरशेदजी नसरवानजी कामा व स्वतः दादाभाई यांनी सोसला, आणि अंक लोकांस फुकट वाटले गेले. त्यातून पारशी समाजाच्या सुधारणेचे मोठे काम झाले. पण ते मतप्रसाराचे पत्र होते. दाता आणि संपादक एकाच मताचे होते, म्हणून निभावले. विज्ञानाच्या लेखास मत नसते, मोजमाप असते. दाता आज प्रसन्न असला तरी मोजमाप उद्या कोणत्या बाजूस पडेल हे कोण सांगणार?

सरकारी द्रव्याचाही एक मार्ग त्या काळी उघडला होता. पेशव्यांच्या वेळेपासून चालत आलेल्या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्चावा, असा अर्ज १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी केला; त्यांत लोकहितवादी प्रमुख होते. त्यातून १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली व अनेक ग्रंथांस बक्षिसे मिळाली. मराठी गद्यावर तिचे उपकार आहेतच. परंतु बक्षीस एकदा मिळते, मासिकाचे देणे मात्र दर महिन्यास असते. शिवाय कमिटीस काय रुचेल इकडे लेखकाची नजर लागते ती वेगळीच.

मग उरतो वर्गणीदार. त्याचे महत्त्व कळण्यास त्या काळच्या टपालाचा विचार करावा. १८५४ पूर्वी टपालाचा आकार अंतरावर असे. मुंबईहून जितके दूर राहावे तितके वाचणे महाग. वऱ्हाड तर १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात. पुढे टपाल स्वस्त झाले, आणि १८६७ साली आगगाडी आमच्या वऱ्हाडातून नागपुरास पोचली. त्याच वर्षी ज्ञानप्रसारक बंद पडले! वाचकांपर्यंत पोचण्याची वाट झाली आणि जाणारा थांबला, हा योगायोग आम्हांस नेहमी चुटपूट लावतो. त्याच साली रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादकत्वाखाली 'विविधज्ञानविस्तार' निघाले व १९३७ पर्यंत चालले, एवढेच समाधान.

थोड्याथोडक्यांतून मोठे कार्य उभे राहते की नाही, अशी शंका चौघांपैकी एकाने काढली. त्यास आम्ही अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाची गोष्ट सांगितली. माणशी एक पैसा मागत त्यांनी जो निधी जमविला, त्यातून तळेगावास १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. शाळेच्या प्रयोगशाळेतील काचेची नळी विलायतेहून येत असे त्या काळची ही गोष्ट आहे.

लेखकाकडून पैसे घेण्याच्या सूचनेविषयी मात्र आम्ही स्पष्ट 'नाही' म्हटले. ज्याचे छापावयाचे त्याच्याकडूनच पैसे घेतले की नाकारण्याचे धैर्य संपते. नाकारलेला प्रत्येक लेख हा बुडालेला रोख पैसा होऊन बसतो. हा तर्क नव्हे, अनुभव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके गाळली. बढतीसाठी लेख मोजले जाऊ लागले आणि ते विकत छापून देणारी दुकाने निघाली, त्याचे हे फळ. त्या दुकानांचे गिऱ्हाईक आमच्याच व्यवसायातील होते, हे लपविण्यात अर्थ नाही. प्राध्यापकांनी केले ते विद्यार्थ्यांनी करू नये, एवढे सांगण्याचा अधिकार आम्हांस कितपत उरला आहे, याची शंका आम्हांस बोलताना वाटतच होती.

मग हिशेब मांडला. तीनशे प्रती, अंकास अठरा हजार रुपये. म्हणजे प्रतीस साठ आणि वर्षास दोनशे चाळीस. छापील प्रत कशास, संगणकावरच वाचू द्यावे, असे एकाचे मत पडले. त्यावर दर्यापूरच्या मुलीने उत्तर दिले ते आमच्या सर्व इतिहासाहून नेमके होते. ती म्हणाली, 'ज्यांच्या विहिरींचे पाणी मी मोजले त्यांना मी कागद देईन असे सांगितले आहे.' त्या विहिरींचे मालक सव्वीस. त्यांतील निम्मे जरी वर्गणीदार झाले तरी लेख त्यांना कळेल असा लिहावा लागेल, आणि आकडा चुकला तर ते अंक हातात घेऊन महाविद्यालयात येतील. धनिकाची अट पाळण्यापेक्षा हे जड आहे, हेही तिला समजले होते.

धनिकास त्यांनी नम्रपणे कळविले की छायाचित्र छापता येणार नाही, वर्गणीदार म्हणून मात्र आपले नाव इतरांबरोबर यादीत येईल. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. पावतीपुस्तकातील चौथी पावती आमच्या नावे फाटली. विहिरींचा निबंध येत्या शनिवारी सायंकाळी आमच्या ओसरीवर वाचला जावयाचा आहे. दर्यापुराकडून तीन शेतकरी येणार असल्याचा निरोप आहे, आणि त्यांतील एकाचे म्हणणे असे की त्याच्या विहिरीचे पाणी कोष्टकात लिहिले आहे तितके खारे मुळीच नाही.